अकरावी झोप

छत्तीस वर्षं मी उदगीरच्या अडत बाजारात मापाडी होतो. तूर, ज्वारी, हरभरा, काय म्हणाल ते मोजलं, आणि माझ्या मापात चूक काढणारा माणूस मला भेटला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते माझ्या एका चुकीबद्दल आहे, आणि ती चूक मापाचीच आहे. माझं नाव शिवहार खानापुरे. आज वय एकोणसत्तर.

आमच्यात रास मोजायला बसलं की आधी एक मूठ उचलून बाजूला ठेवतात. ती देवाची. ती मोजायची नाही. मग पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. वडिलांनी मला असंच शिकवलं. पुढं बाजारात सरकते पट्टे आले, वर कॅमेरे बसले, ते दाणा न् दाणा मोजायला लागले आणि आम्हा मापाड्यांना हार घालून घरी पाठवलं. सवय मात्र गेली नाही. घरात भाकऱ्या मोजल्या तरी पहिली ‘लाभ’.

बायको हसायची. महानंदा तिचं नाव. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. तिच्यापुढं अकरावीची दांडगी पोरं चिडीचूप बसायची. मी बारावी नापास, ती एमएस्सी. लोकांना नवल वाटायचं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. आम्ही दोघंच, आणि दोघंही दिवसभर आकड्यांत. संध्याकाळी ओट्यावर बसून ती पेपर तपासायची, मी शेंगा सोलायचो, आणि मध्येच ती कपाळावर हात मारून म्हणायची, “बघा, परत तीच चूक. पहिल्या पदालाच गुणून बसला.” मी हूं म्हणायचो. पद म्हणजे काय, त्याला का गुणायचं नसतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती.

त्रेपन्नाव्या वर्षी तिच्या हातून खडू पडायला लागला. मग पाय अडखळायला लागले. हैदराबाद झालं, पुणं झालं, आणि शेवटी तोरणमाळच्या निद्राकेंद्रात डॉक्टर पारसनीसांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. दुखणं नसांचं होतं. ते हातापायांतून वर सरकत श्वासापर्यंत जाणार होतं. जागेपणाचे शंभरएक दिवस उरलेत, असं ते म्हणाले. औषधावर काम चालू होतं, पण त्याला दहा वर्षं लागतील की पंधरा, कुणी सांगू शकत नव्हतं.

मधला रस्ता होता झोपेचा. सातपुड्यातल्या त्या गार हवेत त्यांनी डोंगराच्या पोटात दालनं खोदली होती. सुप्ती नावाचं औषध टोचलं की शरीर गार पडतं, हृदय मिनिटाला चार ठोक्यांवर येतं, आणि दुखणंही आहे तिथं थांबतं. माणसाचं वयसुद्धा थांबल्यासारखं होतं. आपलं यकृत ते औषध हळूहळू मोडून काढतं, आणि मोडून झालं की माणूस आपोआप जागा होतो. गोम एवढीच, की दर झोपेत यकृताची ते औषध मोडायची ताकद निम्मी होते. त्यामुळं तेवढीच मात्रा पुढच्या खेपेला दुप्पट दिवस पुरते. पहिली झोप एका दिवसाची, दुसरी दोन दिवसांची, तिसरी चार, चौथी आठ. मात्रा कमी करता येत नाही, अर्धवट झोपेत मेंदूला इजा होते. मध्येच उठवता येत नाही, हृदय बंद पडतं. एकदा टोचलं की संपलं, ज्याचे त्यानं दिवस काढायचे.

हे ऐकून महानंदाचा चेहरा किती दिवसांनी उजळला म्हणून सांगू. “अहो, ही तर भूमिती श्रेढी!” मरणाच्या दारात बसून बाई श्रेढी बघून खूश झाली. अशी होती ती.

पहिल्या दहा झोपा अंगाला सवय लावण्याच्या. मधलं जागेपण तास-दोन तासांचं, तेही गुंगीतलं, म्हणून नातेवाइकांना मनाई होती. दहावी झोप उतरली की एक पूर्ण दिवस भेट मिळेल, असं म्हणून केंद्रानं मला तारीख लिहून दिली. पावणेतीन वर्षांच्या वर वेळ होता. मी ती तारीख भिंतीला चिकटवली आणि वाट बघितली. कितवी झोप किती दिवसांची, हे मी बघायलाही गेलो नाही. तारीख होती ना.

त्या दिवशी ती चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “केस पांढरे केलेत.” तिचा एकही केस पिकला नव्हता. आम्ही तळ्याकाठी बसलो. तिला ज्वारीची भाकरी खायची होती. मला भाकरी थापता येत नव्हती, म्हणून मी उदगीरहून आणलेल्या दशम्या दिल्या. त्या कडक झाल्या होत्या. तिनं दुधात बुडवून खाल्ल्या.

मी तिला घरी चल म्हणालो. दुखण्यावरचं औषध कधी येईल कुणास ठाऊक, उरलेले दिवस आपल्या घरी काढू. तिनं वाटीतलं उरलेलं दूध संपवलं. मग म्हणाली, अजून एक झोप घेऊन बघते. अकरावी. तेवढ्यात औषध आलं तर सोनं होईल. नाही आलं तर घरी.

मी बरं म्हणालो. पण तिचं संपलं नव्हतं.

“एक ऐका. अकरावीनंतर तुम्ही आलात तर मी तुमच्याबरोबर घरी येईन. नाही आलात तर मी काही विचारणार नाही. पुढची झोप घेईन. तुम्हाला कुणी फोन करणार नाही, पत्र पाठवणार नाही, तसं मी केंद्राला लिहून दिलंय.”

मी भडकलो. मी येणार नाही, असं तिला वाटलंच कसं? ती म्हणाली की या केंद्रातल्या अर्ध्या नातेवाइकांची दुसरी आयुष्यं सुरू झाली आहेत. फोन गेला की ती माणसं लाजेनं येतात, घड्याळ बघत बसतात. तिला तसं नको होतं. “तुम्हाला मोकळं ठेवतेय, हो. माझ्या झोपेची शिक्षा तुम्हाला कशाला?” मी तोंड फिरवून बसलो. दिवसभराची भेट आणि त्यातले दोन तास मी असे रुसण्यात घालवले. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

निघायची वेळ झाली तेव्हा मी विचारलं, किती दिवसांची असणार ही अकरावी? ती हसली. वर्गात फळ्यापुढं हसायची तशी.

“तुम्हीच काढा. पहिलं पद एक, पट दोन, अकरावं पद काढा. गंमत सांगू? दर झोप आधीच्या सगळ्या झोपांच्या बेरजेपेक्षा मोठी असते.”

मी घरी जाऊन काढतो म्हणालो. तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही, उत्तर तपासलं नाही. पोरांची पानं दोनदोनदा तपासणारी बाई, पण मापाच्या बाबतीत माझ्यावर तिचा डोळे झाकून विश्वास होता.

उदगीरला आल्यावर मी अंघोळ केली, सूप घेतलं आणि ज्वारी घेऊन बसलो. कॅल्क्युलेटर होता घरात. पण हे काम मला हातानं करायचं होतं. आधी एक दाणा ठेवला. मग दुप्पट करत गेलो. दोन दाणे, लाभ. चार दाणे, दोन. आठ, तीन. सोळा, चार. सातापर्यंत दाणे मांडले, पुढं पेन्सिलीनं केलं. अकराव्याला आले दोन हजार अट्ठेचाळीस दिवस. पाच वर्षं सात महिन्यांच्या वर. पडताळाही बघितला: आधीच्या सगळ्या बेरजेपेक्षा मोठी असायला हवी, ती होती. तारीख काढली, जुनी फाडून नवी चिकटवली. मग भिंतीकडं बघत मी मोठ्यानं रडलो. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं लवकर थांबायचं काही कारणही नव्हतं.

एकट्या माणसाचे दिवस कसे असतात ते सांगण्यासारखं नसतं, कारण त्यात काही घडत नाही. सकाळी दोन कप चहा करायची सवय मोडायला मला वर्ष लागलं. भाकरी शिकलो. पहिल्या महिन्यात शेजारच्या कुत्र्यानंही खाल्ली नाही, पुढं चांगली जमायला लागली. केंद्राकडून दर महिन्याला सगळ्याच नातेवाइकांना जाणारे दोन शब्द माझ्याही फोनवर यायचे, कितवी झोप, कधी जाग यातलं काही नाही, फक्त ‘रुग्ण स्थिर.’ मी ते दोन शब्द वाचायचो आणि उत्तरात लिहायचो, आज वांग्याचं भरीत केलं, किंवा आज वीज गेली होती. पलीकडं माणूस नव्हताच, यंत्र होतं. तरी लिहायचो.

माझी बहीण भालकीला दिलेली आहे. अक्का दर दिवाळीला यायची आणि दर दिवाळीला एकच विषय काढायची. अमुक एक विधवा आहे, स्वभावानं गरीब आहे, तुझ्या भाकरीचं बघेल. मी म्हणायचो, भाकरी मला येते. अक्का म्हणायची, ती काय जिवंत आहे की मेलेली, हे तरी तुला ठाऊक आहे का? मी म्हणायचो, झोपलीय. तिसऱ्या वर्षापासून अक्का यायची बंद झाली.

त्याच वर्षी दिवाळी सरल्यावर मी घराला उतार करून घेतला. महानंदाची खुर्ची चढायला हवी ना. दोन पायऱ्या फोडून तिथं सिमेंटचा उतार केला, ओटा खाली घेतला, न्हाणीघराचं दार रुंद केलं. गवंडी निघून गेल्यावर ओल्या सिमेंटमध्ये मी बोटानं त्या दिवसाची तारीख लिहिली. चोवीस नोव्हेंबर. त्या दिवशी मी फार खूश होतो, खरंच सांगतो. अजून पावणेतीन वर्षं, असं म्हणत मी उतारावर पोतं झाकलं.

शेवटी ती तारीख आली. मी तिची मोरपंखी साडी घेतली, उतरायला सोपी अशी उंच छताची गाडी सांगितली आणि दीड दिवसाचा प्रवास करून तोरणमाळला पोचलो. सकाळचे नऊ वाजले होते. डोंगरावर ढग उतरले होते. फाटकाजवळच्या खोलीत सिस्टर हेमलता गावित बसल्या होत्या, मागच्या वेळी महानंदाची खुर्ची ढकलत आणणाऱ्या त्याच. मी नाव सांगितलं. त्यांनी पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग उठून दार लावून घेतलं.

“खानापुरे, त्या जाग्या होऊन गेल्या. चोवीस नोव्हेंबरला. पावणेतीन वर्षं झाली.”

मला ती तारीख बरोबर ठाऊक होती. माझ्या बोटाला अजून सिमेंट लागल्यासारखं वाटलं.

सिस्टरनी मला पाणी दिलं आणि हळूहळू सांगितलं. त्या दिवशी महानंदा पहाटेच तयार होऊन फाटकापाशी खुर्ची लावून बसली होती. पिशवी मांडीवर. औषध अजून आलेलं नव्हतं, म्हणजे घरी जायचं हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. घाट चढून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती मान वर करायची. जेवायला आत आली नाही. दुपारी सिस्टरना राहवलं नाही, त्या म्हणाल्या, नियम राहू दे, मी माझ्या फोनवरून त्यांना लावते. महानंदानं त्यांचा हात धरला.

“नको. त्यांना हिशेब माहीत आहे. मापात चुकत नाहीत ते.”

संध्याकाळी शेवटची गाडी वर येऊन गेली. मग तिनं कागद मागितला, चिठ्ठी लिहिली आणि बाराव्या झोपेसाठी सही केली.

चिठ्ठी सिस्टरनी जपून ठेवली होती. अक्षर वाकडं झालं होतं, पण तिचंच. ‘आला नाहीत. बरं केलंत. मला राग नाही. जी कुणी असेल तिला वेळेवर जेवायला सांगा, तुम्ही विसरायला लावता. भाकरी शिका.’

मी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिथंच टेबलावर पेन्सिलीनं मांडलं. पहिली झोप एक दिवस. दुसरी दोन. तिसरी चार. असं अकरापर्यंत. आले एक हजार चोवीस. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. आणि मग माझ्या डोळ्यांपुढं सूप आलं, आणि त्यात बाजूला ठेवलेला तो एक दाणा. पहिली झोप मी देवाची मूठ म्हणून बाजूला काढली होती. मोजलीच नव्हती. छत्तीस वर्षांची सवय. तिथून पुढचं सगळं एका घरानं सरकलं होतं, माझी अकरावी ही खरी बारावी होती. पहिल्या पदाला गुणून बसलो होतो.

मी सिस्टरना विचारलं, आता कधी? त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. बारावी झोप दोन हजार अट्ठेचाळीस दिवसांची. एक हजार तेवीस झाले होते, एक हजार पंचवीस बाकी होते. बरोबर निम्मे नाहीत, कारण तिच्या वाट बघण्याचा तो एक दिवस मध्ये गेला होता.

डॉक्टर पारसनीसांना भेटलो. मध्येच उठवता येत नाही हे मला माहीत होतं, तरी विचारलं. त्यांनीही माहीत असलेलंच उत्तर दिलं, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून दिलं. मी उदगीरला परत गेलो नाही. गाडी रिकामी पाठवली. आता मला माझ्या हिशेबाचा भरवसा राहिला नव्हता. तळ्यापलीकडं एका घरात खोली मिळाली. केंद्राच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करायचं काम मागून घेतलं. आणि एक काचेची बरणी आणली. रोज सकाळी फाटकापर्यंत जायचं, सिस्टरना रामराम घालायचा, आज किती राहिले ते पडद्यावर बघायचं, आणि खोलीवर येऊन बरणीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. गुणाकार नाही, सूत्र नाही. एक दिवस, एक दाणा. देवाला वेगळं काही काढलं नाही. देवानं रागवायचं तर रागवावं, मीही त्याच्यावर रागावलोच होतो.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? डोंगराच्या पोटात, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, ती झोपली होती, आणि झोपताना तिच्या मनात मी तिला सोडलेला नवरा होतो. तिला हे एक वाक्य सांगायला मला एक हजार पंचवीस दिवस थांबायचं होतं. त्याआधी मी मेलो असतो तर तिच्यासाठी तेच खरं राहिलं असतं. दोनदा छातीत कळ आली तेव्हा मी चिठ्ठी लिहून सिस्टरकडं दिली. बरा झाल्यावर परत घेतली. मला ते तोंडानं सांगायचं होतं.

बरणी भरत आली. जुलैचे दिवस होते. त्या सकाळी मी भाकऱ्या थापून फडक्यात बांधल्या आणि दालनाच्या दारापुढं उभा राहिलो. सिस्टर खुर्ची ढकलत आल्या. महानंदानं मला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ती माझ्याकडं अशी बघत होती जसं परक्याकडं बघावं. तीन वर्षं घोकलेलं सगळं मी विसरलो.

“देवाची मूठ मोजायची राहिली,” मी म्हणालो. “पहिली झोप बाजूला काढली. मला दोन हजार अट्ठेचाळीस आले.”

तिनं डोळे मिटले. ओठ हलताना दिसले. ती मनात मांडत होती. बाईला माझं एवढंच बोलणं पुरलं. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

“म्हणजे तुम्ही येणार होतात.”

“आलो होतो. उशिरा.”

तिनं हात पुढं केला. बोटं वळत नव्हती, म्हणून मीच धरला. मग ती हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता मला रागं भरली, की तीस वर्षं परक्या पोरांना सांगितलं, पहिल्या पदाला गुणायचं नसतं, आणि घरातल्या माणसाला सांगायचं राहिलं. मी म्हणालो, मीच कधी विचारलं नाही.

डॉक्टर आले. औषध अजून लांब होतं. तेरावी झोप चार हजार शहाण्णव दिवसांची, अकरा वर्षांच्या वर. मी तेव्हा ऐंशीचा असेन, असलो तर. आणि घरी गेलं तर जागेपणाचे तीनएक महिने, कदाचित तेवढेही नाहीत. जगायचं तिला होतं, तिनं ठरवायचं होतं. घरी चल, असं मी ह्या वेळी म्हणणार नव्हतो.

तिनं फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि डॉक्टरांना सांगितलं, “आम्ही घरी जातो.”

उदगीरला पोचल्यावर मी तिची खुर्ची उतारावरून वर घेतली. सिमेंटमधली तारीख तिनं वाचली, आणि खुर्ची तिथं जरा वेळ थांबवायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ओट्यावर आणून बसवलं. समोर लिंबावर ऊन पडलं होतं. एका कपानं चहा पाजत होतो तेव्हा ती म्हणाली, “आता दिवस मोजा. नीट. पहिल्यापासून.”

“लाभ,” मी म्हणालो.

ती हसली. तो दिवस आम्ही शेंगा सोलण्यात घालवला. म्हणजे मी सोलल्या, तिनं हुकूम सोडले. पुढच्या सकाळी चहा पिताना तिनं विचारलं, “आज कितवा?”

“लाभ.”

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. चूक दिसली की अशीच बघायची ती. मी कप तिच्या ओठांना लावून तसाच धरला. दोन मी म्हणणार नव्हतो.

“बरोबर,” ती म्हणाली.